डावा पाइप, उजवा पाइप

हॅलो?… हां, बोल. आता बोल. सकाळपासून सात फोन केले मी तुला. सात… मीटिंगमध्ये होतीस? आणि इथे तू परवा बसवून गेलेलं ते आपोआप वळणारं स्टिअरिंग ट्रॅक्टर घेऊन माझ्या अंगावर येत होतं, त्याचं काय?

नाही, लागलं नाही कुणाला. लागलं नाही म्हणून तर बोलतेय.

अगं ऐक ना… आधी ऐक. बाबा पेरणीला निघाले. पहिला पट्टा हाताने चालवला, थोडा वाकडातिकडा, पण झाला. दुसऱ्या पट्ट्याला तुझं बटण दाबलं, हात सोडले. ट्रॅक्टर जो उजवीकडे वळला तो वळतच गेला. मी कुंपणाशी बियाण्याची पोती सोडत होते. चार हातांवर येऊन थांबला. बाबांनी ब्रेक दाबला म्हणून.

काय?… त्यांनी चाक धरून ठेवलं असेल? पुन्हा म्हणू नकोस असं. हात कापतात त्यांचे, डोकं शाबूत आहे.

हो, हो… माहितीये. हात कापतात म्हणूनच तर बसवलं ना आपण दोघी बहिणींनी. सरळ रेष यंत्र धरेल, बाकीचं बाबा बघतील, ही तुझीच कल्पना. मग झालं काय, ते ऐक. बाबा खाली उतरले, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, आता तूच चालव, मला नाही जमायचं. चाळीस वर्षांत ती किल्ली कधी दुसऱ्याच्या खिशात गेलेली पाहिलीस? शेडच्या पायरीवर बसून आहेत तेव्हापासून. चहा निवून गेला, हात नाही लावला.

रडत नाहीये. चिडलेय. दोन्हीतला फरक कळतो मला.

हं… ऑइल? बघितलं. पट्टीवर दोन खुणांच्या मधे आहे… फेस? आहे थोडा… हवा गेली असेल? कुठून जाणार, तू तर म्हणालीस सगळं घट्ट केलंय… इंजिन चालू ठेवून चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत? फिरवलं. दहा वेळा फिरवलं. हाताने लोण्यासारखं फिरतंय. डावीकडे फिरवलं की डावीकडे, उजवीकडे की उजवीकडे. तुझं बटण दाबलं की मात्र त्याची बुद्धी फिरते.

कचरा? व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला तर एका जागी अडून बसेल ना गं, उलटं कसं वळेल?… नसेन मी शिकलेली, पण आंधळी नाही. रेषेच्या उजवीकडे सरकला, तर त्याने डावीकडे यायला हवं. हा आणखी उजवीकडे जातो.

हॅलो?… काय करतेयस? परवा बसवताना काढलेला फोटो बघतेयस?

पाइप? कुठले, सीटखालचे? थांब, वाकते. फोन खांद्यात धरलाय, ऑइलात पडला तर तुझ्या नावाने खडे फोडीन… हां, दिसले. दोन जाड, दोन बारीक. बारीकपैकी लाल चिकटपट्टीवाला व्हॉल्व्हच्या डाव्या तोंडाला, पिवळीवाला उजव्या… बरोबर आहेत? मग अडलं कुठे?… परवाच्या तुझ्या फोटोत उलटे आहेत? म्हणजे काय?

थांब जरा. बाबा… बाबा, या सीटखालच्या पाइपांना तुम्ही हात लावला होता का?

ऐकलंस? काल संध्याकाळी ऑइल ठिबकत होतं, म्हणून उघडले. उघडल्यावर दिसलं की डाव्या-उजव्याची अदलाबदल झालीय. पोर दमली होती, चुकली असेल, म्हणून नीट लावून टाकले, म्हणतात. तुला सांगितलं नाही, कारण तुला वाईट वाटलं असतं.

बोल आता… म्हणजे तुला माहीत होतं? उलटे लागले हे लक्षात आलं, पुन्हा पान्हा लावायचा कंटाळा आला, म्हणून स्क्रीनवर ‘दिशा उलट’ला खूण केलीस आणि निघून गेलीस?… सगळे असंच करतात? सगळ्यांच्या ट्रॅक्टरवर आपले बाबा बसतात का गं? घरातला पंखा कुरकुरला तरी ज्यांना तो उघडून बघितल्याशिवाय झोप लागत नाही, त्यांच्या ट्रॅक्टरमध्ये चूक झाकून ठेवलीस? साधी चिठ्ठी नाही, शब्द नाही. त्यांनी पाइप सुधारले आणि तुझी खूण तशीच. वळणारच ना तो उलटा.

माफी माझ्याकडे मागू नकोस. कुठे आहे ती खूण, ते सांग… सेटिंग… स्टिअरिंग… हां. काढली. आता?… मोकळ्या जागेत नेऊन पुन्हा कॅलिब्रेशन, म्हणजे डावं-उजवं त्याला नव्याने शिकवायचं. बरं. ठेवू नकोस फोन.

…चाक आपलं आपण फिरतंय. डावीकडे… उजवीकडे… झालं म्हणतंय. बटण दाबते. ब्रेकवर पाय आहे माझा, शिकवू नकोस… जातोय. सरळ जातोय गं. मुद्दाम बाजूला काढून बघितला, पुन्हा रेषेवर आला. दोन पट्टे झाले.

हो, झालं. पण ऐक, सगळं तुझ्यावर ढकलून मोकळी होत नाही मी. सकाळी ट्रॅक्टर थांबल्यावर मी काय बोलले माहितीये? पेरणीला आलेल्या सगळ्यांसमोर म्हणाले, होत नाही तर चढता कशाला वर. घाबरले होते, तोंडातून गेलं. आणि बाबांनी ते मानलं. वाद नाही, चिडणं नाही, हात तेवढे खिशात घातले. हेच खुपतंय मला. चूक तुझी, जीभ माझी, आणि ते बसलेत आपल्या हातांना दोष देत.

नाही, तू थांब. आधी मी बोलणार. बाबा, पाइप तुम्ही बरोबर लावले होते. तुमचे हात चुकले नव्हते. ही घ्या किल्ली…

घेत नाहीयेत. म्हणतायत, तू चालव, मी कुंपणाशी उभा राहतो.

नाही बाबा. तुम्ही वर बसा. कुंपणाशी मी उभी राहते, सकाळच्याच जागी.

…हॅलो? हां, घेतली. चढले वर. ठेव आता. ट्रॅक्टर वळवलाय त्यांनी, इकडेच येतायत.