चोणकाचं गाऱ्हाणं

तुम्हाला सांगते, मासे कसे वाढवायचे ते कॉलेजात शिकले, पण माणसांना कसं पटवायचं ते कोणी शिकवलं नाही. मत्स्य खात्याने मला पेडण्याला, तेरेखोल नदीत चोणक माशाची पिल्लं सोडायला पाठवलं. हातभरापेक्षा लहान चोणक गरीला, म्हणजे गळाला, लागला तर परत सोडायचा, हा नियमही मलाच समजावायचा होता. मी खात्याचा कागद वाचून दाखवत होते आणि काठावरचे गरीवाले जांभया देत होते.

शेवटी म्हाताऱ्या सोमाकाकांना दया आली. "बाये, तो कागद ठेव. देवाक सांगूया." त्यांनी नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, हातापेक्षा ल्हान चोणक जो कोण घराक व्हरीत, त्याची गरी जन्मभर रिकामी ठेव!"

"व्हय म्हाराजा!" सगळे गरजले. मी एवढी दचकले की पिल्लांची बादली नदीत कलंडलीच. पण जीव भांड्यात पडला. गाऱ्हाण्यातला होकार मोडायची पेडण्यात कोणाची छाती?

काका मात्र मागे वळून तोंड मिटून उभ्या असलेल्या एका गरीवाल्याकडे बघत होते. "तुको, तू व्हय म्हणूंक ना."

तुको खाली बघत पुटपुटला, "फाल्यां सकाळीं म्हणटां, काका. आज जांवय जेवूंक येता."