दोन नळ्या

सिस्टर: बाही आणखी थोडी वर घ्या, काका. हं, आता हात सैल सोडा.

काका: सिस्टर, सुई जरा खाली ठेवा. आधी बोलायचंय.

सिस्टर: बोला की. तुमच्यासमोर सुई धरायची म्हणजे तसंही मला धडकी भरते. छत्तीस वर्षं लॅबमध्ये रक्त काढलेला माणूस. आमच्या डॉक्टरांनासुद्धा शीर शोधायला तुम्हीच शिकवलंत ना?

काका: शिकवलं. म्हणून तर त्यांनी मागच्या वेळी आम्हा दोघांच्या रक्ताच्या नळ्या घरीच भरायला माझ्याकडे दिल्या. नाहीतर अशा कुणाच्या हातात देतात?

सिस्टर: काकूंचे गुडघे असे, आणि आमच्याकडे दोन जिने. त्यांना कुठे चढवत आणणार होता तुम्ही? काका, त्या गेल्या तेव्हा मी गावाला होते. आल्यावर तरी भेटायला यायला हवं होतं. राहून गेलं, चुकलंच माझं.

काका: नाही आलात तेच बरं. मुलगी तुम्हाला वाटेल ते बोलली असती.

सिस्टर: बोलू दे. आई गेलीये तिची.

काका: ती म्हणते, लस काही कामाची नाही. आईने घरीच बूस्टर डोस घेतला, महिन्याने रक्त तपासलं, तुमचं पत्र आलं की प्रतिसाद उत्तम आहे. आणि तिसऱ्या महिन्यात त्याच तापाने आई गेली. मग म्हाताऱ्या माणसांना उगाच टोचायचं कशाला? तिच्या सासूबाईंचा डोस होता या आठवड्यात. तिने नको म्हणून कळवून टाकलं. मलाही बजावलंय, पुढचा डोस घ्यायचा नाही.

सिस्टर: तरी आलात.

काका: तिला सांगितलं नाही.

सिस्टर: तिचा राग मला कळतो, काका. वय झालं की शरीर लशीला दाद देईलच असं नसतं. तोच डोस एखाद्या आजोबांना छान लागू पडतो, शेजारच्या आजींच्या रक्तात तापाशी लढायची ताकद दिसतच नाही. म्हणून तर महिन्याने रक्त बघतो आपण. ज्यांचं कमी भरतं त्यांना बोलावून आणखी एक डोस देतो. पण काकूंचं तर चांगलं भरलं होतं. डॉक्टर अजून त्यांचा कागद काढून बसतात. म्हणतात, अंगात एवढी ताकद होती तर दुखणं इतकं हाताबाहेर गेलं कसं?

काका: तो आकडा तिचा नव्हता.

सिस्टर: मग कुणाचा?

काका: माझा. दोन्ही नळ्यांत माझंच रक्त होतं.

सिस्टर: काका, बसा. आधी पाणी प्या.

काका: पाणी नको. तिच्या शिरा आधीपासूनच बारीक. त्या दिवशी उजव्या हाताला दोनदा टोचलं, डाव्या हाताला एकदा. काही हाती लागेना. ती नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून पडली होती. मी कापूस लावला आणि म्हटलं, झालं. मग स्वयंपाकघरात जाऊन माझ्या दंडाला पट्टा बांधला. एक टोक दातांत धरून. दोन नळ्या भरल्या आणि एकीवर तिचा नंबर चिकटवला.

सिस्टर: पुन्हा टोचायला मन धजलं नाही तुमचं. आपल्या माणसावर हात चालत नाही हो. कुणाचाच चालत नाही.

काका: असं म्हणू नका. आजवर मीही स्वतःला हेच सांगत आलो. ती म्हणाली होती, आणखी एकदा बघा, मला काही होत नाही. मीच थांबलो. हात कापत होता माझा, सिस्टर. छत्तीस वर्षांत मी कधी रिकामी नळी परत पाठवली नाही. डॉक्टरांना वाटलं असतं, म्हातारा संपला. ते वाटायला नको होतं मला. तिची दया वगैरे काही नव्हती त्यात.

सिस्टर: काकूंना ठाऊक होतं?

काका: छे. पत्र आलं तेव्हा तिने मला दोनदा वाचायला लावलं. तापाच्या भीतीने दोन वर्षं घराबाहेर पडली नव्हती ती, दारात कुणी आलं तरी आतूनच बोलायची. पत्र आलं आणि म्हणाली, आता मला कसली भीती? थोरल्या जाऊबाई त्याच तापाने आजारी होत्या. त्यांच्या उशाशी जाऊन बसली चार दिवस. त्यांचं अंग पुसलं, त्यांना भरवलं. मी रिक्षात बसवून दिली तिला. माझ्या हाताने.

सिस्टर: तो ताप त्यांना तिथेच लागला?

काका: तिथेच. जाऊबाई बऱ्या झाल्या.

सिस्टर: काका, तुमचं ऐकलं, आता माझंही ऐका. दोघांचे आकडे जवळजवळ सारखे आले होते. मी पाहिलं होतं. डॉक्टरांना म्हटलंही, एवढ्या वर्षांचा संसार, बघा, रक्तसुद्धा जुळलं. आम्ही हसलो आणि कागद पुढे सारला. तेव्हा एक फोन केला असता मी, तर तुम्ही खरं सांगितलं असतं?

काका: कुणास ठाऊक. बहुतेक नसतं सांगितलं.

सिस्टर: तरी करायला हवा होता.

काका: एक विचारू? तिला तो जादा डोस मिळाला असता तर ती वाचली असती?

सिस्टर: नाही सांगता यायचं.

काका: मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नका.

सिस्टर: नाही बोलत. कदाचित त्यांच्या रक्तात खरंच भरपूर असेल, तरीही ताप झाला असेल. कदाचित काहीच नसेल, आणि आणखी एक डोस देऊनही फरक पडला नसता. आणि कदाचित पडलाही असता. आता कुणालाच कळणार नाही.

काका: कळलं असतं. एक नळी भरली असती तर कळलं असतं. निदान नळी रिकामी आली असती तर तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी पाठवलं असतं.

सिस्टर: हो. मीच आले असते.

काका: किती वेळ लागला असता?

सिस्टर: नका ना असं विचारू, काका.

काका: सांगा.

सिस्टर: दहा मिनिटं. गरम पाण्याची पिशवी दिली असती हातावर, म्हणजे शीर वर येते.

काका: मला सुचलंच नाही ते. दुसऱ्यांना शिकवायचो मी.

सिस्टर: डॉक्टरांना सांगावं लागेल. काकूंचा आकडा काढून टाकायला हवा. त्यावरून बाकीच्या म्हाताऱ्या माणसांना किती डोस द्यायचे ते ठरतंय.

काका: सांगा. लिहून द्यायचं असेल तर देतो, सही करतो. त्यासाठीच आलो.

सिस्टर: आणि मुलीला?

काका: तिचा रोज सकाळी फोन येतो. जेवलात का, गोळी घेतलीत का. दिवसभरात घरात तेवढाच एक माणसाचा आवाज असतो. हे कळल्यावर तो यायचा नाही.

सिस्टर: आज नका सांगू मग. थोडे दिवस जाऊ द्या.

काका: तिच्या सासूबाई एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत. दम्याच्या. त्यांच्याकडे कुठे आहेत थोडे दिवस?

सिस्टर: मी बोलू का तिच्याशी? नुसतं समजावते, तुमचं नाव न घेता.

काका: नको. रागवायला तिला माणूस हवाय. माणूस सापडत नाही म्हणून ती लशीवर राग काढतेय. इथून बोललो तर चालेल? घरी गेलो की माझा धीर सुटेल.

सिस्टर: बोला. मी बाहेर थांबते.

काका: थांबा इथेच.

(काका फोन लावतात.)

काका: बाळ, कामात आहेस का? नाही, मी बरा आहे. लशीच्या केंद्रात बसलोय. हो, आलो. रागव, पण आधी ऐकून घे, मग बोलू नकोस हवं तर माझ्याशी. आईला लस लागू पडली होती की नाही, हे कुणालाच कळलं नाही. मी कळू दिलं नाही.