रोम, इराण आन् आमचा धुरा

अमरावती-अकोला बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर कॉलेजची मुलगी शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला सांगत होती.

"आबाजी, माह्या कादंबरीत रोम आन् इराण लढतच नाही, तह करते!"

"खरं काय झालं होतं?"

"सातव्या शतकात सव्वीस वर्षं लढले, पार थकले! मंग अरबांची नव्या धर्माची फौज आली. इराण बुडालं, रोमचा अर्धा मुलूख गेला!"

"आमची वावराच्या धुऱ्याची, म्हंजे बांधाची, केस चोवीस वर्षं चालू हाय. आज अकोल्याले तारीख. ज्याच्यासंग केस, तो चुलतभाऊ मांगं बसला हाय, आमी संगच जातो."

"मंग तुमीबी तह करा ना!"

"तुह्या पुस्तकात तहाचं पयले कोन बोलते?"

"इराणचा बादशहा!"

म्हातारा उठून मागे वळला.

"गुणवंता, मूर्तिजापूरले उतर! वापस घरी जाऊ. मी इराण झालो!"