लोखंड फाटलं, गोंद नाही

चहा पाजला म्हणून दरवेळी मले हाच किस्सा सांगाले लावता काय? बरं, ऐका. गुढियारीतल्या माह्या गॅरेजात एक ठोकलेली गाडी आली, छत बदलायचं होतं. वेल्डिंगचे सगळे टाके मी ड्रिलनं काढले, तरी छत हलेना. तं माहा साळा सुधाकर गिऱ्हाइकासमोरच म्हणते, "भाऊजी, टाका राहिला एखादा. आधी मोतीबिंदू काढा!" झालं, गिऱ्हाईक चावी वापस मागू लागलं.

मी म्हटलं, "तूच काढून दाखव."

त्यानं छिन्नी लावून हातोडा हाणला. पत्रा टरकन फाटला, जोड काही सुटला नाही. फटीत डोकावलो, तं टाका नव्हताच. कंपनीतूनच लावलेल्या काळ्या गोंदाची करंगळीएवढी पट्टी होती. लोखंड फाटलं, पण गोंद नाही! जिंदगी पत्र्यात गेली माही, पण असं धरणं कधी पाह्यलं नव्हतं. मी त्या गोंदाले हात जोडले. मंग गरम हवा मारत गेलो, तवा कुठं त्यानं छत सोडलं.

गिऱ्हाईक म्हणे, "चाचा, नज़र तो आपकी सही निकली."

परका माणूस कबूल झाला. ज्यानं माफीले अजून तोंड उघडलं नाही, तो सुधाकर.