ताईंनी दिलेली किडनी

अतिदक्षता विभागाबाहेर माझ्या शेजारच्या बाकावर नणंद-भावजय बसल्या होत्या. भावजयीच्या हातात एक कागद होता.

"ताई, दुर्बिणीतून बघितलं त्यांनी. यांच्या श्वासनलिकेत बुरशी धरलीय, पार फुप्फुसापर्यंत."

"बुरशी? माणसाच्या अंगात?"

"किडनी बदलल्यापासून गोळ्या चालू आहेत ना, त्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते म्हणे. म्हणून धरली."

"औषध असेल ना त्यावर?"

"आहे. सलाइनमधून देतात. ते ग्लानीत आहेत, म्हणून माझी सही मागतायत."

"मग कर की."

"ते औषध किडनीला जड जातं. त्या गोळ्याही कमी करणार आहेत. किडनी टिकेलच असं नाही, म्हणाल्या डॉक्टरीणबाई."

"अस्सं."

"तुम्ही दिलेली आहे, ताई. तुम्हाला न विचारता सही कशी करू?"

"दिली तेव्हाच ती त्याची झाली. मला काय विचारतेस?"

"अजून दुखतं तुम्हाला त्या जागी."

"रोज नाही दुखत. औषध नाही दिलं तर?"

"आठवडाही काढणार नाहीत."

"कर सही."

"किडनी गेली तर पुन्हा डायलिसिस. मला त्या मशीनवर पुन्हा नेऊ नकोस, म्हणाले होते."

"ओरडू दे माझ्यावर. ओरडायला श्वास तर हवा."

"कागद टेकवायला काही नाही हो इथे."

"कागद मी धरते. हं, इथे कर. आता दे, मी सिस्टरना नेऊन देते."

"ताई, तिकडे कुठे निघालात? सिस्टर आत आहेत, दार इकडे आहे."