गठ्ठ्याच्या मधलं तापमान

भाची: धुण्याची मशीन चार. ड्रायर तीन. इस्त्रीची टेबलं दोन. एक्स्टेंशन बोर्ड पाच, त्यातला एक दुसऱ्या बोर्डात खोचलेला. आग विझवायचे लाल सिलिंडर दोन, त्यातल्या एकावर कोणाचा तरी कोट टांगलाय. दारं दोन, त्यातलं उघडतं एक.

आत्या: मागचंही उघडतं.

भाची: त्याच्यासमोर हँगरची तीन खोकी आहेत, आत्या. मी जोर लावून ढकललं, तेव्हा हात जाईल एवढी फट पडली.

आत्या: वारा यायला तेवढी पुरते.

तात्या: आणि बाई, आग लागली तर तुम्ही त्या फटीतून जाणार? माझा तर चष्माही जायचा नाही.

आत्या: तात्या, तुम्ही तुमच्या इस्त्रीकडे लक्ष द्या. आणि तो कोट तुमचाच आहे.

तात्या: काढतो, काढतो.

भाची: आणि जिन्याखाली टॉवेलचे गठ्ठे सहा.

आत्या: गठ्ठे कशाला मोजतेस? हे बघ, उद्या विम्याचा माणूस येणार. तो वायरी बघेल, सिलिंडर बघेल, दारं बघेल. म्हणून तर तुला आदल्या दिवशी बोलावलं, म्हटलं घरचीच पोरगी, आगीचे धोके तपासायची नोकरी करते, आधी एक नजर टाकून जाईल. खोकी हलवते, बोर्ड काढते, सगळं ऐकते. पण गठ्ठ्यांकडे तो माणूस ढुंकूनही बघणार नाही.

भाची: म्हणूनच मी बघतेय. हे ब्लँकेटमध्ये का गुंडाळलेत?

आत्या: अगं, तीच तर आपली ओळख! मालिश केंद्राचे टॉवेल आहेत ते. ड्रायरमधून काढले की गरम असतानाच घड्या घालायच्या, गठ्ठा बांधायचा, वर ब्लँकेट. सकाळी त्यांची गाडी येते तेव्हासुद्धा हात घातला तर मधे गरम. तिथली मॅनेजर मला म्हणाली, आमची गिऱ्हाइकं विचारतात, हे टॉवेल कुठून येतात? गावभर फिरलीस तरी एवढे गरम टॉवेल देणारी लॉन्ड्री सापडणार नाही तुला.

तात्या: त्यांचा ड्रायव्हर बाईंना काय म्हणतो, विचार. गरमागरमबाई.

आत्या: म्हणू दे. निम्मं काम त्या केंद्राचंच आहे.

भाची: रात्रभर गरम राहतात?

आत्या: रात्रभर.

भाची: आणि बाकीचे टॉवेल? व्यायामशाळेचेही येतात ना तुझ्याकडे?

आत्या: येतात. त्यांनाही एकदा ब्लँकेट घालून बघितलं होतं. सकाळी गारढोण. हलक्या प्रतीचा कपडा, दुसरं काय. ऊब धरत नाही.

भाची: दोन्हीकडचा एकेक टॉवेल दाखव बघू. … आत्या, हा तर एकाच कंपनीचा आहे. शिवण तीच, वजनही तेवढंच वाटतंय.

आत्या: असेल. मग?

भाची: मग एक ऊब धरतो आणि एक धरत नाही, हे कसं? तात्या, याचा वास घ्या. डोळे मिटून.

तात्या: हा व्यायामशाळेचा. काही नाही, साबणाचा वास.

भाची: आणि हा?

तात्या: हा … कढईत दोन दिवस राहिलेल्या तेलाचा.

आत्या: मालिशचं तेल आहे ते. थोडा वास राहतो. दोनदा धुतलं तर बिल कोण देणार?

भाची: वास राहतो म्हणजे तेल राहतं. आत्या, ते तेल हवेतल्या ऑक्सिजनशी जुळत असतं, सावकाश. जुळताना थोडी थोडी उष्णता सोडतं. टॉवेल दोरीवर वाळत असला तर ती उष्णता निघून जाते, कोणाला कळतही नाही. पण तो गरम असताना घडी घातली, चाळीस टॉवेल एकावर एक दाबले आणि वर ब्लँकेट गुंडाळलं, तर ती जाणार कुठे? मधेच साठते. जितकं गरम, तितकं तेल जास्त वेगाने जुळतं, आणि तितकी आणखी उष्णता सुटते.

आत्या: म्हणजे माझे टॉवेल आपले आपण तापतात, असं तुझं म्हणणं.

भाची: रात्रभर गरम राहतात असं तू म्हणालीस. मी म्हणतेय, राहत नाहीत. होतात.

आत्या: शहाणे, तीस वर्षं झाली मला कपडे धुताना. चुलीवरून उतरवलेलं काहीही गारच होतं.

भाची: मग मोजू या. माझ्याकडे तारेचे दोन थर्मामीटर आहेत. आत्ता ड्रायरमधून निघताहेत ते मालिशचे चाळीस, आणि पलीकडच्या ड्रायरमधले व्यायामशाळेचे चाळीस. दोन्हींचे गठ्ठे अगदी तुझ्या पद्धतीने बांध, सारखंच ब्लँकेट घाल. मी मधोमध तार सोडते. मालिशचा गठ्ठा गार होत गेला, तर मी या विषयावर तोंड उघडणार नाही.

आत्या: वहिनीसमोरही नाही?

भाची: आईसमोरही नाही.

आत्या: आणि तापला तर?

भाची: तर तू गठ्ठे बंद करशील.

आत्या: निम्मं काम जाईल माझं. तुला कळतंय का? मॅनेजरने सुरुवातीलाच सांगितलं होतं, ऊब हवी म्हणून तुमच्याकडे आलोय, नाहीतर कोपऱ्यावरची लॉन्ड्री स्वस्त आहे.

भाची: कळतंय. म्हणून अंदाजाने बोलत नाही. मोजू या म्हणतेय.

आत्या: बांधा हो तात्या. हिच्या बापाचंही असंच होतं. दूध उतू जाताना किती वर येतं ते बघत उभा राहायचा.

तात्या: बांधतो. घट्ट बांधू?

आत्या: नेहमीसारखं. माझ्या बाजूने लबाडी नको नि तिच्याही नको.

भाची: सुरुवात. मालिशचा त्रेसष्ट अंश. व्यायामशाळेचा त्रेसष्ट. चला, तोवर खोकी हलवू. आत्या, या ड्रायरची जाळी कधी साफ करता?

आत्या: रोज.

तात्या: बाई.

आत्या: बरं, एक दिवसाआड.

तात्या: बाई …

आत्या: तात्या, तुम्ही माझ्याकडे कामाला आहात की हिच्याकडे?

भाची: हे बघ. जाळीत अडकलेल्या या लवेची उशी होईल. प्रत्येक फेरीनंतर जाळी काढायची, आणि आठवड्यातून एकदा मागची नळी. हा बोर्ड काढला. ही इस्त्री थेट भिंतीतल्या प्लगवर लावा, तात्या. वर काय आहे? हा जिना कुठे जातो?

तात्या: वर आम्ही राहतो. मी आणि आमची ही. बाईंनीच खोली दिली, गुडघे दुखतात म्हणून. खाली उतरलं की काम.

भाची: दुसरा जिना?

तात्या: नाही. हाच एक.

भाची: आणि गठ्ठे रात्री कुठे असतात, आत्या?

आत्या: … जिन्याखाली. तिथे धूळ लागत नाही.

भाची: अर्धा तास झाला. व्यायामशाळेचा पंचावन्न. मालिशचा बासष्ट.

आत्या: उतरला! बासष्ट म्हणालीस ना? त्रेसष्टचा बासष्ट. उतरलाच की. चल, चहा टाकते. हरलीस म्हणून तोंड पाडू नकोस.

भाची: एक आठ अंशांनी उतरला, एक फक्त एका अंशाने. आत्या, अजून थांबू.

आत्या: थांब की. तुझ्या आजोबांनाही असंच थांबायची सवय होती. बस निघून गेली तरी थांब्यावर.

तात्या: चहा होऊन तास उलटला. एक विचारू का, पोरी? या टॉवेलांना कधी डाग पडू शकतो? तपकिरी? मधल्याच घडीवर?

आत्या: तात्या, आता ते कशाला?

तात्या: कशाला म्हणजे? तुम्ही विसरलात, मी नाही विसरलो.

भाची: कसला डाग?

तात्या: मागच्या वर्षी केंद्राच्या गठ्ठ्यात मधले तीन टॉवेल करपून निघाले. गोल डाग, कडेला फिका, मधे गडद. त्या मॅनेजरने सगळ्यांसमोर इथे आणून टाकले. बाईंनी सगळ्यांदेखत मला झापलं, की तात्या, इस्त्री ठेवून गप्पा मारत बसता, टॉवेल जाळलेत. मी म्हणालो, बाई, टॉवेलाला कोण इस्त्री करतं? बाई म्हणाल्या, उलट बोलू नका. वर्ष झालं. अजून इथे कामाला येणाऱ्या पोरी मला करपेतात्या म्हणतात.

आत्या: माझ्या डोळ्यांसमोर तीन टॉवेल जळलेले, तात्या. जाळणारी वस्तू दुकानात एकच, तुमची इस्त्री. मी दुसरं काय समजणार होते?

भाची: ते टॉवेल ठेवलेत का?

तात्या: एक आहे. मी इस्त्रीच्या टेबलाखाली ठेवलाय. म्हटलं, कधीतरी कोणीतरी विचारेल. हा घे.

भाची: आत्या, हे बघ. इस्त्रीचा डाग एका बाजूला असतो, आणि त्याला टोक असतं. हा आरपार आहे. घडीच्या सगळ्या पदरांतून, आतून बाहेर पसरत गेलेला. हा इस्त्रीने झालेला नाही.

आत्या: मग?

भाची: त्या सकाळी गाडी वेळेवर आली, एवढंच. थोडी उशिरा आली असती तर ब्लँकेट पेटलं असतं.

आत्या: जिन्याखाली.

भाची: हो.

तात्या: आणि वर आम्ही दोघं झोपलेलो.

आत्या: काटा बघ.

भाची: व्यायामशाळेचा चव्वेचाळीस.

आत्या: तो नको सांगू. दुसरा.

भाची: सहासष्ट.

आत्या: परत बघ. तार नीट आहे का?

भाची: तार काढून दुसऱ्या थर्मामीटरला लावते, म्हणजे यंत्राचा दोष नको. … सदुसष्ट.

तात्या: चढतोय, बाई.

आत्या: मला दिसतंय. … ड्रायर बंद होऊन दोन तास व्हायला आले आणि हा गठ्ठा चढतोय.

भाची: आत्या, आता आणखी वाट बघायची गरज नाही. माझं मोजून झालं.

आत्या: माझं नाही झालं. मला बघू दे कुठवर जातो ते. … एकाहत्तर. बस्स. तात्या, उचला तिकडून. मागच्या अंगणात न्यायचा. पोरी, तू दार धर. आता उघडतंय ना ते?

भाची: सताड. ब्लँकेट सोडा, एकेक टॉवेल सुटा करून फरशीवर पसरा, एकावर एक नको. जिन्याखालचे सहाही बाहेर काढा. मधल्यांना आधी हात लावून बघा, जपून.

तात्या: अरे बापरे. हा बघा, याला हात लावून बघा, बाई.

आत्या: … भाजतंय की हो.

भाची: पसरला की उतरेल.

आत्या: उद्याचा माणूस हे बघणार नव्हता, नाही का?

भाची: नाही. त्याच्या कामात टॉवेलात हात घालणं येत नाही.

आत्या: म्हणजे मी गप्प बसले असते तर सगळं पास होतं. फोन दे माझा. … हॅलो, मी लॉन्ड्रीतून बोलतेय. हो हो, टॉवेल मिळतील, सकाळीच मिळतील. पण गार मिळतील. … गार. ऐका तर. मी आत्ता स्वतः हात भाजून घेतलाय. तुमचं तेल आणि माझी ऊब यांचं जमत नाही. … नाही, मशीन ठणठणीत आहे. … कोपऱ्यावरच्याकडे जायचं तर जा, बाई, पण त्यालाही सांगा, गरम बांधू नकोस. मागच्या वर्षी तुम्ही तीन टॉवेल टाकलेत ना माझ्या टेबलावर, ते माझ्या माणसाने जाळले नव्हते. ते आपले आपण जळले होते. आणि माझ्याकडे नसते जळले तर तुमच्या कपाटात जळले असते. तिथे तुमची गिऱ्हाइकं डोळे मिटून पालथी पडलेली असतात. … हां. आता ऐकताय. ऊब हवी ना? मग तिथे टॉवेल गरम करायची छोटी पेटी ठेवा, लागेल तेवढे दोन-चार गरम करा, लगेच वापरा. दोनदा धुऊन बिनवासाचे देते मी. आधी वास तुम्हीच चालवून घेत होता. … बरं. बरं. ठेवते.

भाची: काय म्हणाली?

आत्या: आठवडाभर बघते म्हणाली. नंतर सांगते म्हणाली.

तात्या: आणि नाही म्हणाली तर?

आत्या: तर व्यायामशाळा आणखी एक शोधेन. माणसं घाम गाळायची काही थांबत नाहीत. हं, पोरी, आता शिकव. कसं करायचं ते एकदा सांग, मग मी माझ्या पद्धतीने बसवते.

भाची: मालिशचे टॉवेल वेगळे धुवायचे. पाणी सर्वांत गरम, पावडर जास्त, दोनदा. वास गेला नाही तर तो टॉवेल वाळवायचाच नाही, परत धुवायचा. ड्रायरची शेवटची पंधरा मिनिटं उष्णता बंद, नुसतं फिरू द्यायचं.

आत्या: आणि बाहेर काढून झटकायचे. दोन टोकं धरून, जोरात. ऊब एका झटक्यात जाते. आईने शिकवलेलं, घडी नीट पडावी म्हणून. मग रॅकवर सुटे. गठ्ठा कधी बांधायचा?

भाची: मधलं तापमान खोलीइतकं झालं की. आणि ठेवायचा पुढच्या रॅकवर. जिन्याखाली काही नाही.

आत्या: जिन्याखाली काही नाही. तात्या, ब्लँकेटं धुऊन वर घेऊन जा. थंडीत तुम्हाला लागतील.

(संध्याकाळ. पुन्हा धुऊन, झटकून बांधलेला चाळीस टॉवेलांचा एकच गठ्ठा पुढच्या टेबलावर. त्याच्या मधून थर्मामीटरची तार बाहेर आलेली.)

तात्या: दोन तास झाले. पोरी, वाचतेस?

आत्या: ती नको. तुम्ही वाचा.

तात्या: मी कशाला?

आत्या: वर तुम्ही झोपणार आहात. आणि तात्या, ते मागच्या वर्षीचं. मी सगळ्यांदेखत बोलले होते तुम्हाला. उद्या सकाळी पोरी कामावर आल्या की सगळ्यांदेखतच सांगणार आहे.

तात्या: काय सांगणार?

आत्या: टॉवेलाला कोण इस्त्री करतं.

तात्या: … चष्मा कुठे गेला माझा?

भाची: कपाळावर आहे, तात्या. आधी खोलीचं वाचा, मग आतलं.

तात्या: खोलीत एकोणतीस. गठ्ठ्याच्या मधे एकोणतीस.