काळ्या फरशीतली विहीर

माजं माहेर सांगोल्याकडचं, बाप मेंढरं राखायचा, आन् सासरबी मेंढरंवाल्याचंच. पण आमच्या मालकांनी काठी सोडून ब्रश धरला, सोलापुरात घरं रंगवायला लागलं, आन् मी त्येंच्या मागं. आधी नुसत्या भिंती घासायची, मग भिंतीच्या भेगांत लांबी भरायला शिकले, आता रंग मीच मिसळते. गिऱ्हाईक म्हणतं, बाई, झोपायच्या खोलीला लालभडक द्या. मी म्हणते, देते की, पण झोप न्हाय लागली तर मला बोलू नका. इतक्या लोकांची घरं बघितली, पण माज्याच घरात रंगानं काय मांडलंय ते मला दिसलं न्हाय, काय सांगू तुमाला.

सासू गेल्यावर सासऱ्यांना आमी हितं आणलं. मामा म्हणते मी त्येंना. त्येंचं इसरणं तवाच सुरू झालंवतं. जेवल्यालं इसरायचं, मालकांना आपला धाकटा भाऊ समजायचं. ते चालायचं हो. पण न्हाणीचं दार उघडलं की मामा बिथरायचं. आमी हौसेनं नवी काळीभोर, चकचकीत फरशी बसवलीवती, आन् मामा उंबऱ्यावर पाय रोवून उभं, आत म्हणून जायचं न्हाय. संडासबी तितंच, मग कापडातच व्हायचं सगळं. मालक ओढायचं, मामा वरडायचं, शेजारपाजार गोळा. एकदा मी आत पाऊल टाकलं तर मामांनी मागनं माजा हात धरून असा हिसडा मारला की बांगड्या पिचल्या, रगत आलं. मालकांचा हात उठला हो, सख्ख्या बापावर. मारला न्हाय, पण उठला. मग भिंतीकडं तोंड करून रडलं. म्हणालं, आता आपल्यानं व्हत न्हाय, आश्रमात ठिवू. सोमवारी न्यायचं ठरलंबी.

शनिवारी मी कामावर गेले न्हाय, मामांची कापडं बांधायची हुती. बादली घ्यायला न्हाणीकडं गेले तर मामा आडवं आलं. दोनी हात पसरलं आन् हिर्र, हाट्, मागं व्हा, मागं. मी थबकलेच. माजा बाप असंच करायचा, वाटंत विहीर असली की कळपाला आडवा व्हायचा. म्हणलं, मामा, काय हाय वं तितं? तर माज्याकडं असं बघितलं, जशी मीच येडी. म्हणालं, डोळं फुटलं का पोरी, केवढी खोल हाय, तळबी दिसत न्हाय.

मी वाकून बघितलं. ओली काळी फरशी, वरचा बल्ब त्यात हालतुया, व्हय की, विहीरच. म्हातारा हट्ट करत नव्हता वो, आमाला बुडण्यापासनं राखत हुता. मला हिसडलं तेबी त्याच्यासाठीच.

तशीच गेले आन् बाजारातनं फिकी पिवळी रबरी चटई आणली, कापून भिंतीपासनं भिंतीपतुर घातली. दार भिंतीसारखंच पांढरं, त्येंना गावायचं न्हाय, त्याला हळदीवानी रंग दिला. मालक म्हणालं, रंगानं येडेपण जातं व्हय? म्हणलं, येडेपण न्हाय जात, भ्या जातंय का बघू.

रविवारी सकाळी मामा दारापाशी आलं. पिवळ्यावर हात फिरवला आन् तोच हात कपाळाला लावला, भंडारा समजून. न्हाणीच्या दाराच्या पाया पडलं! हसावं का रडावं. मग एक पाय चटईवर दाबून बघितला, मग दुसरा. मी म्हणलं, मामा, विहीर? म्हणालं, बुजवली वाटतं कुणीतरी, लई बरं केलं. मालकांनी त्येंची पाठ चोळली, आन् चोळता चोळता डोळं पुसत हुतं.

सोमवारी कोण कुटं गेलं न्हाय. पुढं दवाखान्यातल्या बाईंनीबी सांगितलं, अशा माणसाला काळी जमीन खड्डा वाटती, पांढऱ्या ताटातला पांढरा भात दिसत न्हाय. मग मी निळं ताट आणलं. आता मामा दहीभात पुरा खात्यात. कुणाच्या घरी म्हातारं माणूस असलं की फरशीचं मी आधी इचारते.

दुखणं काय गेलं न्हाय, खोटं कशाला बोलू. माजं नावबी इसरलं आता. काल दुपारी निळं ताट पुढ्यात, आन् मला म्हणालं, तू कुणाची गं? म्हणलं, तुमचीच की. जरा टक लावून बघितलं, डोक्यावर हात ठिवला, म्हणालं, चांगल्या घरची दिसतीस, जेवून जा.

मग बसले मी त्येंच्या शेजारी, आन् जेवले.